हर्नचा पुत्र : ‘रॉबिन ऑफ शेरवुड’ मालिकेतील अद्भुत आणि एका दंतकथेचा वारसा

गोदातीर (धागाकर्ता)

रॉबिन हूडवर आजवर पडद्यावर जे काही आले, त्यात मला सर्वांत जवळची वाटणारी कृती म्हणजे ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर १९८४ ते १९८६ या काळात दाखवली गेलेली ‘रॉबिन ऑफ शेरवुड’ ही मालिका. एचटीव्ही आणि गोल्डक्रेस्ट या दोन संस्थांनी मिळून ती काढली, रिचर्ड कार्पेंटर यांनी ती रचली आणि तिचे बरेचसे भाग स्वतः लिहिले. तीन हंगामांत मिळून २६ भाग आहेत. माझा धाकटा भाऊ शिक्षणासाठी इंग्लंडला होता. परतताना त्याने तिच्या तबकड्या आणल्या होत्या, आणि गेल्या पावसाळ्यात मी ती तिसऱ्यांदा सलग पाहिली. या वेळी जे लक्षात आले ते नीट मांडावे म्हणून हा धागा काढला आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी जपून वाचावे, कारण दुसऱ्या हंगामाचा शेवट सांगितल्याशिवाय मला माझे म्हणणे मांडताच येणार नाही.

कथेचा आरंभ ११८० मध्ये होतो. नॉर्मन सैनिक लॉक्स्ली हे गाव जाळतात, रुपेरी बाणाचा राखणदार एल्रिक मारला जातो आणि त्याचा लहानगा मुलगा रॉबिन एका गिरणीवाल्याच्या घरी वाढतो. पुढे गिरणीवाल्याचा मुलगा मच राजाच्या रानात हरीण मारतो आणि त्या अपराधासाठी दोघेही नॉटिंगहॅमच्या किल्ल्यातल्या तळघरात पडतात. तिथून सुटून रानात शिरलेल्या रॉबिनला धुक्यात एक आकृती दिसते. तिच्या डोक्यावर हरणाची फांदेदार शिंगे असतात. हा हर्न, रानाचा अधिदेव. तो रॉबिनला आपला पुत्र म्हणवतो आणि डोक्यावर हूड ओढून दीनदुबळ्यांच्या बाजूने उभे राहण्याचे काम त्याच्यावर सोपवतो. या हूडला मला आपला ‘खोळ’ हा शब्द सुचतो. पावसात शेतकरी घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो आणि दुरून पाहणाऱ्याला तो कोण आहे ते कळत नाही. मालिकेतला रॉबिनही तसाच दिसतो.

हर्न, मंतरलेल्या तलवारी, सैतानाची उपासना करणारा सरदार सायमन द बेलेम हे सारे म्हणजे एका चांगल्या साहसकथेवर वरून घातलेली फोडणी आहे, असे अनेकांना वाटते. मलाही पहिल्या वेळी तसेच वाटले होते. आता मात्र माझे ठाम मत असे झाले आहे की या मालिकेतले अद्भुत काढून टाकले, तर तिच्यातली सर्वांत मोलाची गोष्टच नाहीशी होते.

दुसऱ्या हंगामानंतर रॉबिनची भूमिका करणारे मायकल प्रेड अमेरिकेत रंगभूमीवरचे काम मिळाल्यामुळे मालिका सोडणार होते. अशा वेळी निर्माते सहसा नवा नट आणतात आणि प्रेक्षकांनी काही झालेच नाही असे मानावे अशी अपेक्षा करतात. कार्पेंटर यांनी रॉबिनला मरू दिले. ‘द ग्रेटेस्ट एनिमी’ या भागात तो आपली बायको मॅरियन आणि मच यांना निसटून जायला लावतो, स्वतः एका उघड्या टेकडीवर थांबतो, शेवटचा बाण आभाळात सोडतो, धनुष्य मोडून टाकतो आणि शेरीफच्या, म्हणजे नॉटिंगहॅममधल्या राजाच्या अधिकाऱ्याच्या, बाणदारांसमोर शांतपणे उभा राहतो. त्याचे मरण आपल्याला दाखवले जात नाही. भागाच्या अखेरीस मात्र खोळ घेतलेला दुसराच कोणीतरी उरलेल्यांची सुटका करतो, आणि त्याचा चेहरा तेव्हा दिसत नाही. तिसऱ्या हंगामात कळते की तो हंटिंग्डनच्या अर्लचा, म्हणजे एका बड्या सरदाराचा, मुलगा रॉबर्ट आहे. ही भूमिका जेसन कॉनरी यांनी केली. ज्या कथेत रॉबिन हा एका माणसाबरोबरच एक पदही आहे, आणि ते पद देणारा हर्न रानात कायम आहे, त्याच कथेत हे घडू शकते. माझ्या मते अद्भुताने या मालिकेसाठी केलेले खरे काम हेच आहे.

शमी

लेख आवडला, परंतु एका मूलभूत बाबीवर माझा आक्षेप आहे. हर्नचा रॉबिन हूडशी परंपरेने काहीही संबंध नाही. त्याचा पहिला उल्लेख शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ या १६०२ मध्ये छापल्या गेलेल्या नाटकात येतो, आणि तिथे तो विंडसरच्या रानातल्या एका ओक वृक्षाभोवती हिवाळ्याच्या मध्यरात्री फिरणारे, गुरांना त्रास देणारे भूत आहे. त्याला प्राचीन शृंगधारी देवाशी जोडण्याचा विचार विसाव्या शतकातला आहे. विंडसर आणि शेरवुड यांमध्ये शंभर मैलांहून अधिक अंतर आहे, ही गोष्ट वेगळीच.

याहून मोठी अडचण अशी की जुन्या पोवाड्यांमधला रॉबिन हा कट्टर ख्रिस्ती भाविक आहे. सुमारे १४५० च्या हस्तलिखितातल्या ‘रॉबिन हूड अँड द मंक’ या पोवाड्यात तो पकडला जातो तोच मुळी प्रार्थनेला जाण्याचा हट्ट धरून एकटा नॉटिंगहॅमच्या चर्चमध्ये गेल्यामुळे. कुमारी मेरीवर त्याची एवढी श्रद्धा आहे की तिच्याखातर तो कोणत्याही स्त्रीला इजा करत नाही. त्या पोवाड्यांत जादू नाही, राक्षस नाहीत, भविष्यवाणीही नाही. धनुष्य, हुशारी आणि मारामारी एवढेच त्यांचे भांडवल आहे. अशा माणसाला एका ख्रिस्तपूर्व देवतेचा पुत्र करणे म्हणजे आपल्या काळाची आवड त्याच्या गळ्यात बांधणे होय, असे मला वाटते.

गोदातीर

शमीताई, आपण दिलेली माहिती अचूक आहे आणि ती इथे यायलाच हवी होती. मात्र आपल्या काळाची आवड रॉबिनच्या गळ्यात बांधण्याचे काम कार्पेंटर यांच्या आधी निदान पाच शतके चालू आहे, हेही त्याच्या शेजारी ठेवून पाहायला हवे.

रॉबिनच्या पोवाड्यांचा सर्वांत जुना उल्लेख १३७७ च्या सुमारास ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात येतो, आणि तोही एका आळशी पाद्र्याच्या तोंडी, ज्याला प्रार्थना धड म्हणता येत नाहीत पण रॉबिन हूडची गाणी येतात. १५०० च्या आसपास छापलेल्या ‘गेस्ट’ या ४५६ कडव्यांच्या दीर्घ पोवाड्यात रॉबिन हा ‘योमन’, म्हणजे सरदारही नव्हे आणि भूदासही नव्हे असा मधल्या स्तरातला माणूस आहे. त्याचे मुख्य ठाणे यॉर्कशायरमधले बार्न्सडेल आहे आणि राजाचे नाव एडवर्ड आहे. तिथे मॅरियन कुठेच नाही. ती मे महिन्याच्या उत्सवी खेळांमधून नंतर त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. रॉबिनला राजा रिचर्डच्या काळात नेऊन ठेवले ते १५२१ मध्ये जॉन मेजर या इतिहासकाराने. त्याला हंटिंग्डनचा अर्ल केले ते १५९८ च्या सुमारास अँथनी मंडे या नाटककाराने. इंग्लंडातले जुने सॅक्सन विरुद्ध त्यांना जिंकून राज्य करणारे नॉर्मन हे भांडण, ज्यावाचून आज ही कथा कुणाला सुचतच नाही, ते १८१९ च्या अखेरीस आलेल्या वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ने त्यात पक्के बसवले.

म्हणजे रॉबिन हा सामान्य माणूस की सरदारपुत्र, असे दोन परस्परविरोधी प्रवाह या दंतकथेत शेकडो वर्षे शेजारी शेजारी वाहत होते, आणि प्रत्येक लेखकाला त्यांपैकी एक निवडावा लागत होता. कार्पेंटर यांनी निवड केली नाही. आधी लॉक्स्लीचा कष्टकरी रॉबिन आणला आणि तो पडल्यावर त्याच जागी अर्लचा मुलगा उभा केला. दंतकथेच्या वाटचालीत जे पाचशे वर्षांत घडले, ते त्यांनी कथानकातच घडवून दाखवले, आणि दोघांना जोडणारा सांधा म्हणून त्यांना हर्न लागला. तो विंडसरचा आहे हे खरे; तरीही त्या सांध्यासाठी त्याच्याहून योग्य कोणी मला सुचत नाही.

अवकाळी

हर्नविषयी मला वेगळेच काही सांगायचे आहे. मी कोकणातली आहे, आणि देवराई, तिथला राखणदार, वर्षातल्या ठरलेल्या दिवशी ज्याच्या अंगात येते तो घरातला किंवा वाडीतला माणूस, या गोष्टी मी लहानपणापासून पाहत आले आहे. ही मालिका पाहताना मला हर्न चटकन समजला याचे कारण तेच असावे.

मालिकेतला हर्न हा आकाशातून उतरलेला देव नाही. तो रानात राहणारा, उतारवयाकडे झुकलेला एक हाडामांसाचा माणूस आहे. जॉन अबिनेरी यांनी ही भूमिका फार संयमाने केली आहे. शिंगांचे मस्तक चढवले की त्याच्यात हर्न येतो आणि मग आवाज, चाल, नजर सगळे बदलते. मस्तक उतरवले की पुन्हा तो थकलेला माणूस उरतो. आपल्याकडे ज्याला ‘झाड’ म्हणतात, म्हणजे ज्याच्यावर देव येतो तो माणूस, त्याचेच हे रूप आहे. झाडाला संचार ओसरल्यावर येणारा जो शीण असतो, तोही अबिनेरी यांच्या चेहऱ्यावर दिसतो. मी हे एकाही दुसऱ्या परदेशी मालिकेत पाहिलेले नाही. तिथे देव दाखवायचा तर एक तर विजा आणि धूर दाखवतात, नाही तर शेवटी तो भोंदू निघतो. इथे तो माणूसही आहे आणि देवही आहे, आणि यांतले खरे कोणते असा प्रश्न रानातली माणसे विचारत नाहीत.

शमीताईंच्या मुद्द्याला जोडून एवढेच म्हणेन की रॉबिनच्या टोळीतला पाद्री फ्रायर टक या मंडळींत शेवटपर्यंत आहे. तो आपला धर्म सोडत नाही आणि त्याला कुणी सोडायलाही सांगत नाही. गावात ग्रामदेवतेचा कौल लावून मग विठ्ठलाच्या वारीला जाणाऱ्या माणसांमध्ये वाढलेल्यांना यात विसंगती वाटू नये.

वाटसरू

गेली नऊ वर्षे मी नॉटिंगहॅममध्ये राहतो, म्हणून जागांविषयी थोडे लिहितो. मालिकेतले शेरवुड हे बहुतांशी शेरवुड नाही. चित्रीकरण मुख्यतः इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, ब्रिस्टॉल आणि ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनच्या परिसरात झाले, आणि तिसऱ्या हंगामात नॉर्थंबरलंडमधला ॲनिकचा किल्ला नॉटिंगहॅम म्हणून उभा राहिला. खऱ्या नॉटिंगहॅमच्या टेकडीवर आज मध्ययुगीन किल्ला जवळजवळ उरलेलाच नाही. वेशीचा काही भाग आहे आणि वर सतराव्या शतकातला वाडा आहे. त्यामुळे इथे येऊन चित्रीकरण करणे तसेही अवघडच होते.

एडविन्स्टो गावाजवळचा ‘मेजर ओक’ हा प्रचंड वृक्ष मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्या फांद्यांना टेकू लावलेले होते. मेजर हेमन रूक यांनी १७९० मध्ये त्याचे वर्णन केले, त्यांच्या हुद्द्यावरून हे नाव पडले. त्याचे वय आठशे ते हजार वर्षांच्या दरम्यान धरतात. म्हणजे रॉबिन रिचर्डच्या काळात होता असे मानले, तर त्याच्या पोकळ बुंध्यात तो लपत असे ही कथा टिकत नाही, कारण तेव्हा तो वृक्ष फार तर तरणाताठा असणार.

मालिका १६ मिलिमीटरच्या फिल्मवर आणि बव्हंशी खऱ्या रानात, खऱ्या उजेडात चित्रित झाली. झाडांमधून तिरपा येणारा प्रकाश, ओल्या पानांवरची वाफ, घोड्यांच्या टापांखालचा चिखल हे सारे तिथले आहे. इथल्या नोव्हेंबरमध्ये पहाटे रानात गेलो की मला अजूनही त्या मालिकेत शिरल्यासारखे वाटते. आयर्लंडच्या डोनेगलमधल्या क्लॅनड या वाद्यवृंदाचे संगीत या दृश्यांच्या इतके आत मुरलेले आहे की आवाज बंद करून ती दृश्ये पाहवतच नाहीत. त्या संगीताला १९८५ मध्ये बाफ्टा पुरस्कार मिळाला.

जुनी चावडी

चर्चा देवाकडून जरा शेरीफकडे वळवतो. मराठी वाचकाला शेरीफ म्हटले की मुंबईचे शेरीफपद आठवते, जे आज केवळ मानाचे आहे. दोन्ही पदांचे मूळ एकच इंग्रजी पद आहे, पण मध्ययुगातला शेरीफ हा परगण्यात राजाचा हात होता. वसुली, कैद, न्यायसभा भरवणे, किल्ला सांभाळणे ही सारी त्याची कामे. परगण्याच्या उत्पन्नापोटी ठरलेली रक्कम त्याने खजिन्यात भरायची आणि वरचे पुष्कळसे त्याला राहायचे. आपल्याकडच्या मक्त्याची रीत ज्यांना माहीत आहे, त्यांना शेरीफ रयतेला का पिळत असे हे वेगळे सांगावे लागणार नाही. ११८९ मध्ये गादीवर येताच रिचर्डने धर्मयुद्धाचा पैसा उभा करण्यासाठी अशी पदे विकायला काढली होती. निकोलस ग्रेस यांचा रॉबर्ट द रेनो हा शेरीफ मला म्हणूनच खरा वाटतो. तो कुणाचा राक्षसी द्वेष करत नाही, तो हिशेब करतो, आणि हिशेबात माणसे बसली नाहीत की चिडतो.

याच संदर्भात पहिल्या हंगामाचा शेवटचा भाग, ‘द किंग्ज फूल’, प्रत्येकाने पाहावा. राजा रिचर्ड परत येतो, रॉबिनला माफी देतो, दरबारात मान देतो, आणि रॉबिन त्याला भुलतो. स्कॉटपासून पुढे बहुतेक साऱ्या रॉबिनकथा इथेच सुखाने संपतात. या भागात मात्र रॉबिनला कळते की राजाला नॉर्मंडीतल्या लढाईसाठी पैसा हवा आहे, तो याच भुकेल्या गावांमधून येणार आहे, आणि जे ऐकायला राजाला आवडत नाही ते बोलणाऱ्याला राजा जिवंत ठेवत नाही. खऱ्या रिचर्डने दहा वर्षांच्या कारकिर्दीत इंग्लंडमध्ये जेमतेम सहा महिने काढले आणि त्याच्या सुटकेसाठी दीड लाख मार्कांची खंडणी ठरली, हे लक्षात घेतले तर तो चांगला राजा परत येण्याची वाट पाहणारी दंतकथाच अधिक अद्भुत वाटू लागते.

एक भाषिक प्रश्नही आहे. ‘आउटलॉ’ला मराठीत काय म्हणावे? दरोडेखोर म्हटले तर कृत्य सांगितले जाते, बंडखोर म्हटले तर हेतू. पुन्हा पुन्हा पुकारा होऊनही न्यायसभेपुढे हजर न झालेल्या माणसाला तेव्हा कायद्याच्या संरक्षणातून बाहेर काढत, आणि त्याने ‘लांडग्याचे मस्तक’ धारण केले असे म्हणत. लांडग्यासारखी त्याचीही शिकार करायला मोकळीक. मालिकेतही रॉबिनच्या माणसांना तेच नाव ठेवले आहे. आपला ‘वाळीत टाकलेला’ हा शब्द त्याच्या जवळ जातो, परंतु वाळीत गाव किंवा जात टाकते, आणि इथे टाकणारे राज्य आहे. मला अजून नेमका शब्द सापडलेला नाही. १८८९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तंट्या भिल्लाला हिंदुस्थानचा रॉबिन हूड म्हटले होते. निमाडात आणि खानदेशात त्याला लोक ‘मामा’ म्हणत. तिथे लोकांनी तो प्रश्न नात्याने सोडवला होता.

सांजपाखरू

जेसन कॉनरी यांच्यावर इथे कोणी फारसे बोलले नाही. माझ्या मते तिसरा हंगाम पहिल्या दोनांइतका घट्ट नाही. तेरा भाग होते, काही अँथनी होरोविट्झ यांनी लिहिले, आणि मधले काही भाग आधीच्याच कल्पना फिरवून मांडतात. नव्या रॉबिनमध्ये जुन्याची ती परलोकातून आल्यासारखी नजर नाही. पण तो तसा असू नये असेच कदाचित लेखकाच्या मनात असावे, कारण रॉबर्टला हे पद नको होते. हर्नच्या हाकेला त्याने आधी पाठ फिरवली आणि तो वडिलांच्या घरी परत गेला. ज्याला जावे लागले आणि ज्याने जायचे ठरवले, त्या दोघांत हा फरक असायलाच हवा.

मला सर्वांत प्रामाणिक वाटली ती मॅरियनची हाताळणी. जूडी ट्रॉट यांची मॅरियन पहिल्या भागापासून रानात राहते, बाण चालवते, आणि रॉबिन गेल्यावर विधवा होते. नवा रॉबिन आला म्हणून ती त्याच्या गळ्यात पडत नाही. पद दुसऱ्याकडे गेले तरी नवरा दुसऱ्याकडे जात नाही, हे लेखकाने ओळखले होते. रे विन्स्टन यांनी केलेल्या, टोळीतल्या विल स्कार्लेटबद्दलही हेच म्हणता येईल. बायकोला सैनिकांनी मारल्यानंतर त्याच्यात जो राग राहिला आहे, तो कोणत्याही हर्नने शांत होत नाही.

आणि नासिर. मार्क रायन यांची ही भूमिका आरंभीच संपायची होती, परंतु ती सर्वांना इतकी आवडली की त्याला जिवंत ठेवले गेले. पोवाड्यांत ज्याचा मागमूस नाही असा एक सॅरासन, म्हणजे पूर्वेकडचा मुस्लिम, योद्धा या टोळीत उभा राहिला, आणि त्यानंतर आलेल्या रॉबिनकथांमध्ये असा साथीदार जणू जुन्या परंपरेतलाच असल्यासारखा येऊ लागला.

शमी

सांजपाखरू यांच्या शेवटच्या वाक्याने मला माझ्याच आक्षेपाकडे परत पाहायला लावले. माझ्या डोळ्यांसमोर नासिर परंपरेत जमा झाला असेल, तर मॅरियनही कधीतरी तशीच जमा झाली होती आणि तेव्हाही कोणीतरी माझ्यासारखीच हरकत घेतली असेल. तरीही हर्नविषयीचे माझे मत मी पूर्ण बदललेले नाही. यॉर्कच्या १२२६ च्या हिशेबात ‘रॉबर्ट हॉड, फरारी’ अशी एक नोंद आहे, आणि त्याची जप्त झालेली मालमत्ता ३२ शिलिंग ६ पेन्स एवढी होती. तो आपला रॉबिन असेलच असे नाही. पण ती एवढीशी रक्कम वाचली की मला कोणताही देव पाठीशी नसलेला, कर्जात बुडालेला एक साधा माणूस दिसतो, आणि माझा जीव त्याच्याकडेच ओढ घेतो. गोदातीर, आपण शेवटाबद्दल काहीच लिहिलेले नाही. ते जाणूनबुजून आहे का?

गोदातीर

होय, कारण त्या शेवटाचे मला अजूनही वाईट वाटते. गोल्डक्रेस्ट आर्थिक अडचणीत सापडली, एचटीव्हीला एकटीने तो खर्च झेपणारा नव्हता, आणि चौथा हंगाम झालाच नाही. त्यामुळे शेवटच्या भागात रॉबर्ट मेला असे समजून मॅरियन हॉलस्टेडच्या मठात जाते, तो जिवंत आहे हे कळल्यावरही परतत नाही, आणि मालिका तिथेच थांबते. शेरीफच्या हाताखालचा सरदार गिस्बर्न हा हंटिंग्डनच्या अर्लचाच मुलगा, म्हणजे रॉबर्टचा सावत्र भाऊ आहे, हे आपल्याला कळलेले असते, पण त्या दोघांना ते कधीच कळत नाही. एवढे मोठे सूत तसेच लोंबकळत राहिले.

कार्पेंटर २०१२ मध्ये गेले. त्यांनी लिहून ठेवलेल्या एका संहितेवरून २०१६ मध्ये, चाहत्यांनी वर्गणी जमवून, ‘द नाइट्स ऑफ द अपोकॅलिप्स’ हे श्राव्य नाटक तयार झाले. तीस वर्षांनी कॉनरी, ट्रॉट, विन्स्टन, रायन, ग्रेस ही मंडळी पुन्हा त्याच भूमिकांमध्ये बोलली. गिस्बर्न झालेले रॉबर्ट ॲडी २००३ मध्ये वारले होते आणि हर्न झालेले जॉन अबिनेरी त्याआधीच, २००० मध्ये.

ते नाटक मी गेल्या महिन्यात रात्री दिवा मालवून ऐकले. रानाचा आवाज सुरू झाला, आणि मग हर्न बोलला. तो आवाज डॅनियल अबिनेरी यांचा आहे. ते जॉन अबिनेरी यांचे पुत्र आहेत.